खडूचा गोल मीच काढला होता

ती. दाजी,

एका हाताने नमस्कार. (दुसऱ्या हाताचं शेवटी सांगतो. अक्षर असं का, तेही तिथेच.) तुम्ही खुशाल असाल असं लिहायची पद्धत आहे, पण तुम्ही खुशाल नाही आणि त्याला कारण मी आहे, तेव्हा पद्धत राहू दे. आम्ही इकडे ठीक. बायको सगळ्यांशी बोलते, मी सोडून.

अठरा वर्षं आपण एकाच गोष्टीवर भांडत आलो : बॉक्सिंगच्या इतिहासात सगळ्यात जबरदस्त ठोसा कुणाचा? तुम्ही टायसनचे, मी फोरमनचा. तुम्ही पडलात घड्याळजी, तुम्हाला सेकंदांचं कौतुक. एक्याण्णव सेकंदांत त्याने समोरच्याला आडवा केला, हे तुम्ही इतक्यांदा ऐकवलंय की आमच्या हिलाही पाठ झालंय. मी गादीवाला. फोरमन सरावाच्या जड पिशवीला मारायचा तेव्हा पिशवीत खड्डा पडायचा म्हणतात, आणि खड्डा हा माझ्या धंद्यातला विषय. (गिऱ्हाईक भांडायला येतं ते त्याच्याचवरून.) बरं, आपण दोघांनी जन्मात कुणाला साधी चापट मारलेली नाही. घरात झुरळ निघालं तरी आपण एकमेकांना 'तुम्ही व्हा पुढे' म्हणतो, असं ताई सांगते आणि ते खरं आहे.

त्या रविवारी माझ्या दुकानात तुम्ही म्हणालात, जोर वजनात नसतो, वेगात असतो, थांब दाखवतोच. मी गप्प बसायला हवं होतं. पण मी भिंतीला गादी उभी केली, मधोमध खडूने गोल काढला आणि खड्डा किती खोल पडतो ते मोजायला टेप घेऊन उभा राहिलो. तुम्ही गादीची कड दाबून पाहिलीत, 'भरगच्च आहे हो' म्हणालात, चष्मा काढून माझ्या हातात दिलात, आणि मारलात.

दाजी, आता जे लिहितोय ते सात आठवडे लपवून ठेवलंय. ती नमुन्याची गादी होती. रोज सकाळी उचलून दारात मांडायची आणि संध्याकाळी आत घ्यायची, म्हणून तिच्या कडा मी ठासून भरतो आणि मधे कापूस नावाला घालतो. गिऱ्हाईक कडच दाबून बघतं. तुम्हीही तेच केलंत. मधे काही नाही हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं, आणि गोल मधेच काढला तोही मीच! देवाशपथ सांगतो, वादाच्या भरात लक्षातच आलं नाही. लक्षात आलं ते तुमचं मनगट भिंतीवर वाजलं तेव्हा. आणि मग काय केलं मी? तुम्ही मनगट धरून खाली बसलात, आणि मी आधी टेप लावली. वर म्हणालो, 'फोरमन असता तर भिंत पडली असती.' ते आठवलं की जेवण जात नाही. हात मोडल्याबद्दल तुम्ही मला माफ कराल, त्या टेपेबद्दल करणार नाही, आणि नाहीच करायला पाहिजे.

पुढचं त्याहून वाईट. डॉक्टरांना मी सांगितलं, यांचा नेम चुकला, गादीवरच मनगट मुडपलं. ताईला तेच. तुम्हीही ते खरं धरलंत. परवा ताईचा फोन आला. म्हणाली, प्लास्टर निघालं पण त्यांनी चिमटे, भिंग सगळं डब्यात भरून माळ्यावर टाकलं. गादीवर मारून हाड मोडतं म्हणजे हाडं संपली म्हणतात, दुकान बंद करणार म्हणतात. दाजी, तुमचं हाड म्हातारं झालेलं नाही. कापूस नव्हता. तो डबा खाली काढा हो.

तुमचा अपराधी मेहुणा

ता. क. : मी धीर द्यायला थापा मारतोय असं तुम्हाला वाटणार, मी ओळखतो तुम्हाला. म्हणून पुरावा देतो. फोननंतर मी दुकानात गेलो, तीच गादी उभी केली आणि त्याच गोलात, तुमच्या खड्ड्याशेजारी, सगळ्या ताकदीने ठोसा मारला. तुमच्याहून अकरा वर्षांनी लहान आहे मी. तेच हाड मोडलं, एक्स-रे बघून डॉक्टरही हसले. मी डावखुरा, तेव्हा हे उजव्या हाताने लिहिलंय. बायकोला जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलंय, सांभाळून घ्या.

ता. क. २ : भाची वीस तारखेला नोकरीच्या गावी निघते. मामाच्या हातची गादी नेणार असं तिने लहानपणापासून सांगून ठेवलंय. कापूस भरून तयार आहे (मधेही, तीनदा तपासला), पण टाके राहिलेत. एकाने सुई इकडून खुपसायची आणि दुसऱ्याने पलीकडून ओढायची. माझा उजवा आहे, तुमचा डावा आहे. याल का?

ता. क. ३ : टेप लावली होती, यावेळीही. तुमचा खड्डा माझ्यापेक्षा दोन बोटं खोल आहे. मी तो अजून झटकून काढलेला नाही.