काजातून काढलेला सिनेमा

रा. रा. भाऊराव यांस,

साष्टांग नमस्कार घालायला हरकत नव्हती, पण मी एकदा आडवा झालो की उठवायला दोन माणसं लागतात, आणि घरात सध्या धडधाकट असा अर्धाच माणूस आहे. तेव्हा उभ्यानेच केलेला नमस्कार पोचला असं धरावं. तुमची, तुमच्या गुडघ्याची आणि घरातल्या सर्वांची प्रकृती उत्तम असेलच. नसली तर आम्हाला कळण्याची सोय नाही, म्हणून उत्तम आहे असंच गेली नऊ वर्षं आम्ही समजत आलो आहोत.

पाकिटावर तुमचा बरोबर पत्ता पाहून दचकला असाल. साहजिक आहे. तो आम्हाला कळू नये याची खबरदारी तुम्ही घेतली होती. (घाईत कळवायचं राहून गेलं, असं तुम्ही कोणाजवळ म्हणाल्याचं फिरत फिरत कानावर आलं. घाई असतेच. घर बदलताना माणूस बादल्या मोजून नेतो, सख्खी थोरली बहीण मोजायची राहते.) ती दोन पिशव्या घेऊन माहेरपणाला आली, दार अनोळखी बाईने उघडलं, तुमची बहीण उंबऱ्यावर उभ्यानेच पेलाभर पाणी प्यायली आणि परतीच्या गाडीत बसली. त्या दिवसापासून तुमचं नाव या घरात कोणी घेत नाही. मी त्यात पडत नाही. जावयाने पडू नये. मी आयुष्यभर शिंपीकाम केलं, पण गिऱ्हाईक सांगेल तेवढंच शिवलं.

आता मूळ कारण. तुमची बहीण न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. येत्या चौदा तारखेला ऑपरेशन आहे. हाडांचे डॉक्टर म्हणतात, अगदी साधं आहे. साधं असतं तर चार कागदांवर सह्या कशाला घेतल्या असत्या, असं मी विचारलं, तर त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. तेव्हापासून मी मनाने त्या बाकावरच आहे. रात्री झोप नाही, दिवसा भूक नाही, आणि हिचं मात्र निवांत चाललेलं. ऑपरेशनच्या आधी लहानपणचं गाव एकदा बघायचं आहे, एवढंच तिचं मागणं. डॉक्टर म्हणतात, गाडीत बसायचं नाही. मग सूनबाईंनी तोडगा काढला, की मीच जाऊन तिथला सिनेमा काढून आणावा. हल्ली म्हणे एकटा माणूस, एक फोन, बस्स, एवढ्यात सिनेमा होतो. (सूनबाई स्वतः का गेल्या नाहीत, असं मी विचारलं नाही. त्यांना ऑफिस आहे. मला फक्त रक्तदाब आहे.)

हिने यादी करून दिली. शाळेच्या पायऱ्या, चौकातली बेकरी, जुन्या खोलीची खिडकी, अंगणातला नळ. खाली लिहिलं, 'बाकी काही नको', आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. निघताना वर बजावलं, की तिथे कोणाशी बोलत बसायचं नाही. कोणाशी, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शाळा माझी सहावीपर्यंत, पण संसार सत्तेचाळीस वर्षांचा आहे.

सामान म्हणाल तर सूनबाईंचा कोपऱ्यात तडकलेला जुना फोन, त्याची वायर, दोन शर्ट, गोळ्यांची डबी आणि छत्री. फोन हातात धरला की माझा हात थरथरतो. सगळं गाव भूकंपात सापडल्यासारखं दिसलं असतं. म्हणून मी डोकं चालवलं. शर्टाच्या छातीच्या खिशाला, फोनचा डोळा येतो तिथे बरोबर मापाचं एक गोल काज केलं. हाताने बांधलेलं काज, रेशमी दोऱ्याचं. असं काज आता बाजारात पैसे देऊन मिळणार नाही. फोन खिशात, डोळा काजात, हात मोकळे. आरशासमोर उभं राहून ट्रायल घेतली, सगळं झकास दिसत होतं. इथे चूक झाली, आणि ती अशी, की आमच्या धंद्यातलं पोरसुद्धा करणार नाही. ट्रायलच्या वेळी प्रत्येक गिऱ्हाईक छाती काढून ताठ उभं राहतं आणि दुकानाबाहेर पडलं की पहिल्यासारखं वाकतं. म्हणून अनुभवी शिंपी माप घेताना त्याला गप्पांत गुंतवतो आणि तो सैल पडला की टेप लावतो. चाळीस वर्षं मी हे लोकांना सांगितलं. स्वतःची ट्रायल मात्र सैनिकासारखं उभं राहून घेतली. मशीनवर वाकून माझ्या पाठीची काय कमान झाली आहे, हे सगळ्या जगाला दिसतं, मला आरशात दिसत नाही. परिणाम काय झाला तो पुढे येईलच.

गाडीत बसल्या बसल्या फोनचं बटण दाबून ठेवलं. आयत्या वेळी सापडलं नाही तर काय घ्या. तिकीट तपासनीस आला आणि माझ्याशी न बोलता माझ्या खिशाशी बोलू लागला. म्हणाला, खिशाला भोक पडलं आहे. मी म्हटलं, भोक नाही, काज आहे. त्यावर त्याने माझं तिकीट दोन वेळा तपासलं आणि पुढच्या स्टेशनापर्यंत दारातून माझ्यावर नजर ठेवली. उतरल्यावर फोनने सांगितलं, की जागा संपली. उघडून पाहिलं तर समोरच्या बाकावर झोपलेल्या गृहस्थांचं पोट, सलग दोन तास दहा मिनिटं. त्यांच्या शर्टाचं एक बटण तुटायच्या बेतात होतं. ते शेवटपर्यंत तुटलं नाही, हे मी पूर्ण पाहिल्यामुळे सांगू शकतो. मग ते सगळं पुसलं.

लॉजच्या वहीत 'येण्याचं कारण' या रकान्यात काय लिहावं, असा पेच पडला. खोटं लिहिण्याची सवय नाही (ती सवय शिकलेल्यांना असते), म्हणून 'सिनेमा' असं लिहिलं. तेवढ्याने मॅनेजरची चालच बदलली. दुपारी तो कोट घालून आला, खिडकीशी एका बाजूला वळून उभा राहिला आणि उगीचच लांबवर बघू लागला. वडिलांची भूमिका असली तर आपल्याला वेळ आहे, असंही सुचवून गेला. मी त्याला सांगितलं, की माझ्या सिनेमात माणसं नाहीत, नळ आहे. तो हसला. कलावंत मंडळी विक्षिप्त असतात, असं त्याने स्वयंपाक्याला सांगितल्याचं मी जिन्यातून ऐकलं. कोट मात्र खांद्यात साफ चुकलेला होता. बाही उजवीकडे ओढत होती. मला ते पाहवेना.

शाळेच्या दारवानाने आत सोडलं नाही, म्हणून पायऱ्या फाटकाबाहेरून घेतल्या. बेकरीवाल्याने पाव घेतल्याशिवाय उभं राहू दिलं नाही, म्हणून पाव घेऊन बेकरी घेतली. शेवटी तुमची जुनी खोली. आता तिथे बायकांचे केस कापणारी एक बाई राहते. तीच, जिने पाण्याचा पेला दिला होता. तिने लगेच ओळखलं. मला नव्हे, मी कोणाकडून आलो ते. मी नळासमोर उभा राहून यादीप्रमाणे नळ काढत होतो, आणि ती मागून सांगत होती, की पहिली दोन वर्षं तुम्ही दर महिन्याला तिच्या दारात यायचात. बहिणीचं पत्र आलं आहे का विचारायला.

"एकदा मी म्हटलं, तुम्हीच का नाही टाकत," ती म्हणाली. "तर म्हणाले, कोणत्या तोंडाने टाकू."

भाऊराव, तुम्ही अकरावी पास. कचेरीत बसून आयुष्यभर लोकांच्या अर्जांना उत्तरं लिहिलीत. पत्र तोंडाने टाकत नाहीत, हाताने टाकतात, एवढं तुम्हाला सहावीतल्या शिंप्याने सांगावं का? दोन वर्षं चालत चालत जाऊन न टाकलेल्या पत्राच्या उत्तराची चौकशी करायची, याला शिक्षण म्हणतात हे मला माहीत नव्हतं. आणि तुमच्या बहिणीचं तरी काय. ती इकडे दुपारी टपाल येण्याच्या वेळेला झोपत नाही. विचारलं तर सांगते, उकडतं.

त्या बाईने तुमचा नवा पत्ता न मागता दिला. मी फक्त रस्ता बघायला म्हणून तिकडे गेलो. यादीत रस्ता नव्हता, पण गाडीला अवकाश होता. समोरच्या लाँड्रीच्या पायरीवर टेकलो. आणि तुम्ही दारात आलात, चटई झटकलीत, आत गेलात. मी बोललो नाही. दिलेला शब्द पाळला. वाटलं, उठून रस्ता ओलांडायला किती लागतं, वीस पावलं. ती मी मोजली, बसूनच. मग तुम्ही पुन्हा बाहेर याल या भीतीने तसाच स्टेशनवर पळालो. (पळालो म्हणजे माझ्या वयाचा माणूस पळतो तसा. दोन सायकली आणि एक म्हातारी मला मागे टाकून गेली.)

घरी आल्यावर हिच्या उशाशी फोन टेकवून सिनेमा लावला. तेव्हा कमानीचा परिणाम कळला. माझ्या सिनेमात एकाही माणसाला डोकं नाही. काजाचा डोळा सगळा वेळ खाली बघत होता. बेकरीवाला गळ्यापासून खाली, केस कापणारी बाई गळ्यापासून खाली, मॅनेजर म्हणजे नुसता तो कोट. खिडकीचा फक्त खालचा गज आला आहे. पायऱ्या आणि नळ मात्र असे उतरले आहेत, की त्यांनासुद्धा कोणी इतकं निरखून पाहिलं नसेल. मी स्वतः पाहताना अर्धा वेळ लोकांची शिलाईच बघत होतो, म्हणून डोकी नाहीत हे माझ्या लक्षात आलं नाही. हिच्या आलं. म्हणाली, माझ्या गावाला काय साथ आली होती का?

नळ संपला आणि लाँड्रीसमोरचा तुकडा सुरू झाला. तो पुसायचा राहून गेला होता, खरंच सांगतो. एक बनियन, त्याच्याखाली लेंगा, दोन हात, चटई. अकरा सेकंद. डोकं नाहीच. कोणीही म्हणेल, कोणी का असेना. मी फोन उचलायला हात पुढे केला, तर हिने माझं मनगट धरलं. परत लाव, म्हणाली. परत लावलं. पुन्हा लावायला सांगितलं. असं सात वेळा झालं. बनियनच्या शिवणी बाहेरच्या बाजूला होत्या. मी शिंपी असून मला तो गबाळेपणा वाटला होता. तिने सांगितलं, की शिवण टोचते म्हणून तुम्ही पाच वर्षांचे असल्यापासून बनियन उलटा घालता, आणि आई ओरडायची तेव्हा ती तुमच्या बाजूने खोटं बोलायची.

मग तिने फोन उशीवर पालथा ठेवला. शेवटी म्हणाली, "बारीक झालाय."

मी विचारलं, कोण. "कोणी नाही," म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं. खुब्यामुळे तिला त्या कुशीवर वळायची मनाई आहे, ते मी त्या वेळी सांगितलं नाही.

पत्राचं कारण एवढंच, की सूनबाई म्हणतात, सिनेमात जो माणूस दिसतो त्याची परवानगी घ्यावी लागते. नियम आहे म्हणे. बेकरीवाल्याची तोंडी आहे, मॅनेजरची तर उत्सुकताच आहे. तुमची तेवढी बाकी राहिली. ती लेखी कळवावी, म्हणजे माझ्या जिवाचा घोर एकाने कमी होईल. बाकीचे आहेतच.

आपला,
बहिणीचा नवरा

ता. क. गडबडीत माझी छत्री लाँड्रीच्या पायरीवर राहिली. लाँड्रीवाल्याकडे विचारावं. काळी, मुठीला दोरा गुंडाळलेली. टपालाने पाठवू नये, काड्या मोडतात. छत्री कोणीतरी हातातच घेऊन यावी लागते, आणि चौदा तारखेच्या आत मिळाली तर बरं. आमच्याकडे पाऊस नाही, पण मला तिच्याशिवाय करमत नाही.

ता. क. दुसरा. तो तुकडा पुसायचा राहून गेला, असं वर लिहिलं आहे. गाडीतलं दोन तासांचं पोट मला पुसता आलं, हे तुमच्यासारख्या हुशार माणसाच्या लक्षात आलंच असेल.

ता. क. तिसरा. लिफाफा चिकटवण्याआधी हे पत्र तुमच्या बहिणीच्या हाती लागलं. तिने पूर्ण वाचलं, माझ्या दोन चुका काढल्या आणि मला लिहायला सांगितलं, की 'येऊ नका म्हणावं.' त्याप्रमाणे लिहितो. येऊ नका. ती सांगते, सकाळच्या गाडीने तर मुळीच येऊ नका, ती प्रत्येक स्टेशनला थांबते आणि तुमचा गुडघा आखडेल. दुपारची जलद आहे, तिने येऊ नका. आणि येताना मधल्या डब्यात बसू नका, जिना लांब पडतो, अगदी पुढच्या डब्यात बसा.