ब्रेक कुणाचा

उस्ताद, माझ्याकडे गाडी शिकून गेलेला एक मुलगा गेल्या महिन्यात वारला. अठरा नुकतीच पूर्ण, लायसन्स कोरं करकरीत. मांजरी गावाच्या रस्त्यावर, तिन्हीसांजेला, पुढे उसाची ट्रॉली आणि तिच्या मागे दिवा नाही. त्याच्या घरी गेलो तर वडिलांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, म्हणाले, "तुमच्याबरोबर फार छान चालवायचा हो. एक गचका नाही. मी मागे बसून बघितलंय ना." टोमणा नव्हता तो, त्यांना खरंच आभार मानायचे होते. मी मान हलवली, बाहेर येऊन कोपऱ्यावर चहा घेतला आणि दुपारची बॅच घेतली. काही वाटलं नाही. अजून वाटत नाही. दातासाठी इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल हाताला परका लागतो, तसं चाललंय.

तुमची ती जुनी गाडी आठवते, शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक बसवलेली. मी यवतमाळकडून आलेला, गाडी पुसायला ठेवलेला. मागच्या सीटवर बसायची मुभा होती, बोलायची नव्हती. शिकणाऱ्याच्या आधी तुमचा पाय ब्रेकवर पडला की तुम्ही मोठ्यांदा म्हणायचात, "माझा." एवढंच. रागावणं नाही, समजावणं नाही. मंडईजवळ एकदा एका व्यापाऱ्याच्या पोराला इतक्यांदा "माझा" ऐकावं लागलं की ते रडकुंडीला आलं. दुसऱ्या दिवशी वडील हजर. "उस्ताद, मी फी भरतो ती पोराला लाजवायला नाही." तुम्ही सुपारी कातरत म्हणालात, "लाजेनं कुणी मेल्याचं ऐकलं नाही, शेठ. चौकशी करून बघा." शेठ पोराला घेऊन गेले ते गेलेच. संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात चाची भाकऱ्या थापतायत, मी ताटावर बसलोय, आणि धीर करून विचारतो, दाबला तर दाबला, सांगायचं कशाला? तुमचा घास हातातच राहतो. "दाबून गप्प बसलो तर त्याला वाटतं गाडी त्यानंच थांबवली. अरे, उद्या माझ्या जागेवर त्याची आई बसेल. तिच्या पायाशी ब्रेक नसतो."

तुमच्यामागे मी धंदा वाढवला. गोड बोलून वाढवला, ते मला जमतं. "माझा" म्हणणं कधी बंद पडलं ते सांगता येणार नाही. पोरं हिरमुसतात, आईबाप फोन करतात, समोरच दुसरं स्कूल आहे. कान तर तुम्हीच तयार केलेत माझे. पोराचा पाय अजून ॲक्सिलेटरवरच आहे हे इंजिनाच्या आवाजावरून कळतं, आणि त्याला कळायच्या आत माझा पाय हलकेच खाली गेलेला असतो. गचका म्हणून नाही. त्या मुलाच्या वडिलांनी बरोबर पाहिलं होतं.

आता माझी मुलगी शिकतेय. उद्या तिची टेस्ट, आणि परवापासून गाडी घेऊन ती एकटी कॉलेजला जाणार आहे. आज सकाळी सदाशिव पेठेतून नेली. स्कूटरवरची पोरं तिरकी घुसली, मी म्हणालो, "माझा." पुढे रिक्षावाल्याला मध्येच गिऱ्हाईक दिसलं. "माझा." क्लासवरून सुटलेल्या मुली बोलत बोलत रस्त्यात उतरल्या. "माझा."

"बाबा, हे काय लावलंयस तू आज? कालपर्यंत मी बरी चालवत होते."

"कालपर्यंत आपण दोघं चालवत होतो."

तिने आरसा उगाच नीट केला. मग म्हणाली, "आधी सांगायचं ना."

"सांगतोय."

"टेस्टच्या आदल्या दिवशी. वा. छान मुहूर्त."

पण त्यानंतर ती वेगळं चालवायला लागली. वेग उतरला, नजर लांब गेली, रेडिओ तिनेच बंद केला. पुढे दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून एक आजोबा भाजीची पिशवी घेऊन सरळ रस्त्यावर आले. गाडी थांबली. मऊ थांबली. आजोबांनी आमच्याकडे बघण्याचीही तसदी घेतली नाही.

"हा माझा," ती म्हणाली.

मी खाली बघितलं. माझा पाय पेडलवर होता. दोन्ही पेडलं जोडलेली, एक दाबलं की दुसरं आपोआप खाली जातं, त्यामुळे बघून काही कळत नाही. पाय कधी ठेवला, नुसता ठेवला की दाबला, मला आठवेना. इंजिनाचा आवाजही कानात शिरला नव्हता. ती माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघत होती. इतक्या दिवसांत तिचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता.

"हो, तुझा," मी म्हणालो.

हे लिहिलेलं तिला दाखवणार नाही, आणि तुम्हाला पाठवायला पत्ता नाही. उस्ताद, कुणाचा होता ते मला माहीत नाही.