ऑइल मीच बदलतो, दादा

नॉर्थ डकोटा, १९ मे

प्रिय ऑर्विनदादा,

तुला इथूनच वाकून नमस्कार. (परवापासून कंबर धरली आहे, त्यामुळे वाकलोय तो वाकलेलाच आहे. कारण पुढे येईल.) तुझी तब्येत कशी आहे? डोळ्यांतली इंजेक्शनं चालू आहेत का? ॲरिझोनात आत्ताच रस्त्यावर अंडी भाजत असतील. इथे अजून सकाळी हातमोजे लागतात आणि वारा तू सोडून गेलास तेवढाच आहे. हे पत्र डार्ला तुला मोठ्याने वाचून दाखवते आहे, हे मला ठाऊक आहे. तेव्हा डार्ला बेटा, तुलाही अनेक आशीर्वाद, आणि काकाचं अक्षर आहे तसं चालवून घे.

दादा, एप्रिलच्या फोनवर तू म्हणालास, की यंदा जूनमध्ये वासरांना मालकीचा डाग द्यायच्या दिवशी मी येत नाही, डोळ्यांना दिसत नाही तर उगाच लोकांच्या पायात कशाला येऊ. सेहेचाळीस वर्षांत तू एकदाही चुकला नाहीस. पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हाही खुर्ची टाकून बसलास आणि सगळ्यांना शिव्या घातल्यास. आणि मी काय केलं? "बरं," म्हणालो आणि तिकडे पाऊस आहे का ते विचारलं. आपल्या घराण्याची रीतच ही, मनाला लागलं की हवामान विचारायचं. व्हर्ना चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. बेचाळीस वर्षांच्या संसारात एवढी शांतता मला पहिल्यांदाच मिळाली, पण तिचं सुख काही लागलं नाही. त्या 'बरं'चा मला पश्चात्ताप होतो आहे.

आता एकदा पश्चात्तापाला बसलोच आहे, तर तुझ्या पिकअपचंही सांगून टाकतो. चार वर्षांपूर्वी किल्ली माझ्या हातात देताना तू एकच अट घातलीस. हिच्या ऑइलला, फिल्टरला आपल्या घराबाहेरच्या माणसाचा हात लागता कामा नये. तेव्हापासून एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तुझा फोन येतो. "ऑइल?" "बदललं." "कोणी?" "मीच बदलतो, दादा." "फिल्टरची जुनी रिंग निघाली का बघायला बोट फिरवलंस?" "फिरवलं." झालं आपलं बोलणं. दादा, यातलं 'बदललं' सोडलं तर एक शब्द खरा नव्हता. (डार्ला, इथे जरा थांब, त्याला पाणी दे.) मी गाडी तीस मैलांवरच्या, शेजारच्या परगण्यातल्या एका गॅरेजात नेत होतो, टोपी डोळ्यांवर ओढून. आपल्याकडे माणूस तुरुंगात जाऊन आल्याचं चर्चमध्ये उभं राहून कबूल करील, पण स्वतःच्या गाडीचं ऑइल दुसऱ्याकडून बदलून घेतो हे कबूल करणार नाही. एकदा तिथे बाकावर आपले पाद्रीबाबाच कॉफी पीत बसलेले दिसले. आम्ही दोघांनीही एकमेकांना ओळखलं नाही. त्यानंतर त्यांची खरेपणावरची प्रवचनं बरीच आटोपशीर झाली आहेत.

तू म्हणशील, लहानपणापासून दाखवत आलो, तरी शिकला कसा नाहीस. नाहीच शिकलो. तू गाडीखाली पडून मला हाक मारायचास, बॅटरी धर म्हणायचास आणि मी उजेड तुझ्या हातावर पाडायचा सोडून भलतीकडेच पाडायचो, कारण माझं लक्ष तळ्यावरच्या बदकांकडे असायचं. "डेल्मर, मी इंजिन खोलतोय, बदक नाही," हे वाक्य मी किती हजार वेळा ऐकलं असेल. मला वाटायचं, थोरला आहे म्हणून राबवून घेतो.

तर गेल्या शनिवारी मी ठरवलं, की ही थाप निदान एकदा तरी खरी करायची. व्हर्ना सकाळीच चर्चला गेली होती. चौऱ्याण्णव वर्षांच्या मिसेस हाल्वर्सन गेल्या, त्यांच्या मयताच्या जेवणाला बटाट्याचा हॉटडिश भाजून न्यायची पाळी आपल्याकडे होती. घरात अडवायला कोणी नाही, अशी संधी पुन्हा येत नाही. सुरुवात सोपी म्हणून हवेच्या फिल्टरपासून केली, तर डब्यात उंदरीण बाळंत झालेली. तिने फिल्टरची गादी करून पिलं वाढवली होती. त्यांना बुटाच्या खोक्यात घालून कोठारात पोचवून येईपर्यंत माझे पाऊण तास गेले. मग डिझेलचा फिल्टर. तो सोडवताना डिझेल बाहीतून आत शिरून थेट काखेपर्यंत गेलं. नवा बसवला, चावी फिरवली, गाडी ढिम्म. डिझेलच्या नळीत हवा अडकली होती. अर्धा तास तिच्या नावाने बोटं मोडल्यावर आठवलं, की तू त्या छोट्या हातपंपाचा दट्ट्या दाबत बसायचास. मीही दाबत बसलो. अंगठ्याला फोड आला तेव्हा कुठे ती खोकली आणि सुरू झाली. मला वाटलं, आता मी मेकॅनिक झालो.

मग मुख्य काम, इंजिनाचं ऑइल. कमरेने पहिला सूर तेव्हाच लावला. खालचा नट काढला आणि समजलं, की गाडीच्या पोटात तीन गॅलन ऑइल असतं आणि माझं पातेलं दोन गॅलनचं आहे. नट हातातून सुटून पातेल्यात बुडालेला, धार चालूच. हाताला लागेल ते भांडं आणायला पळालो. (डार्ला, कोणतं भांडं ते इथे विचारू नकोस.) सगळं गळून गेल्यावर नट शोधून परत लावला, जुना फिल्टर काढला, नवा घट्ट आवळला, नवं ऑइल भरलं, आणि एक गोष्ट केली नाही. बोट फिरवलं नाही.

गॅरेजवाल्याच्या फिल्टरची जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटूनच राहिली होती. तिच्याच उरावर मी नवी रिंग बसवली. दोन रिंगा एकावर एक काही काळ धरून राहतात आणि मग एकदम सुटतात, हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा ठाऊक नव्हतं. मला इतका आनंद झाला होता, की मी तुला फोनच लावणार होतो. त्याऐवजी वाटलं, आधी व्हर्नाला दाखवावं. तसाच, काखेत डिझेल घेऊन, चर्चकडे निघालो.

मयताचं जेवण आटोपून गावातली झाडून सगळी मंडळी काळ्या सुटात पायऱ्यांवर उभी होती. मी फाटकातून आत वळलो आणि रिंगा सुटल्या. पायऱ्यांवरचे सगळे एकदम हात हलवायला लागले. मला वाटलं, माझं स्वागतच करताहेत, म्हणून मीही हात हलवला. मग समोर ऑइलचा लाल दिवा दिसला आणि मी इंजिन बंद केलं. फाटकापासून चर्चच्या दारापर्यंत तुझं ऑइल पसरलं होतं. सुटातली सहा माणसं टाय खांद्यावर टाकून गाडीखाली वाकली आणि सहाही जणांनी आळीपाळीने मला एकच विचारलं, "बोट नाही फिरवलंस का रे?" मयत बाईंच्या थोरल्या मुलानेही विचारलं. त्याचे डोळे सकाळपासून रडून सुजलेले होते, पण तेवढ्यापुरता तो हसला. मग तोच म्हणाला, "ऑर्विनने तुला शिकवलं नाही?"

दादा, ते मला फार लागलं. मी म्हणालो, "शिकवलं होतं. मी ऐकलं नाही." सगळ्यांसमोर म्हणालो. आणि ते म्हणताना लक्षात आलं, की गाडीखालून हाका मारायचास तेव्हा तू मला राबवत नव्हतास. तुला बॅटरी धरायला मी लागत नव्हतो, ती तू दातात धरून काम करू शकत होतास. तुला मी जवळ हवा होतो. चाळीस वर्षं मी बदकं बघितली. याचं वाईट वाटतं आणि कितीही वाटलं तरी पुरत नाही.

त्या सहा जणांनी जुनी रिंग काढली, फिल्टर पुन्हा बसवला, नवं ऑइल आणून भरलं. गाडी सुरू होते, चालते. पण दादा, इंजिनात एक खटखट येते आहे. सहा जणांची सहा मतं. कोणी म्हणतो बेअरिंग, कोणी म्हणतो इंजेक्टर, कोणी म्हणतो तुझं कर्म. माझ्या कानाला काही कळत नाही. स्वयंपाकघरात बसून रस्त्यावर कोणाची गाडी वळली हे नुसत्या आवाजावरून सांगणारा माणूस आपल्या सगळ्या मुलखात एकच होता आणि त्याला यायचं नाही म्हणे. तुझ्या डोळ्यांना दिसत नसेल, पण हे काम डोळ्यांचं नाहीच. जूनमध्ये ये. खुर्ची टाकून बस, ऐक आणि सांग. तोवर मी गाडी हलवत नाही. आणि आजपासून या गाडीबद्दल तुझ्याशी एकही खोटा शब्द बोलणार नाही, ही आईची शपथ.

तुझा पस्तावलेला धाकटा भाऊ,
डेल्मर

ता. क. ते भांडं व्हर्नाचं टर्की भाजायचं होतं. तिला कळलं आहे. तू आलास तर हा विषय काढू नकोस, ती तो स्वतःच काढते.

ता. क. दुसरा. तू येणार असशील तर विमानतळावर मी व्हर्नाच्या गाडीने घ्यायला येईन, त्या खटखटीमुळे.

ता. क. तिसरा. डार्ला, इथून पुढचं मनातल्या मनात वाच. तो काय लिहिलंय विचारेल, त्याला सांग काका हवामानाबद्दल लिहितो आहे. गाडीत खटखट वगैरे काही नाही. लाल दिवा दिसताच इंजिन बंद केलं, त्यामुळे ते वाचलं. शिलाई मशीनसारखं चालतं आहे, आजच मी तिच्यातून गुरांचे दाणे आणले. पण गाडी ठणठणीत आहे असं कळवलं तर तो "बरं" म्हणेल आणि घरीच बसेल. माणूस लागतोय म्हटल्यावर येईल. शपथेचं मी आईशी वेगळं बोलून घेतो, ती समजून घेईल. तो येईल, खुर्चीत बसेल, मी इंजिन सुरू करीन आणि अर्ध्या मिनिटात त्याला कळेल, की मी पुन्हा थाप मारली. मला शिव्या देईल. देऊ दे. तिकीट तेवढं लवकर काढ, पोरी.