शिंपीकाकांचे मीटर का घटले

१ जुलै, सोमवार. सकाळी ६.४०
क्लिनिकल एक्सरसाइज फिजिऑलॉजीच्या एम.एस्सी.चं दुसरं वर्ष आजपासून. आता पुस्तकं कमी, पेशंट जास्त. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या माणसांना पुन्हा चालतं-फिरतं करायचं, तेही मोजूनमापून. हे काम करणाऱ्याने स्वतः आदर्श असलं पाहिजे. म्हणून संकल्प: रोज पहाटे साडेपाचला उठून पाच किलोमीटर धावणे. बिस्किटं बंद. लिफ्ट बंद.
पहिलाच दिवस म्हणून ६.४० चालवून घेतले.

संध्याकाळी
धावणं झालं नाही. नव्या बुटांच्या नाड्या फारच लांब आहेत, पायात येतात. लिफ्ट मात्र टाळली. म्हणजे उतरताना.

२ जुलै
पेशंट मिळाला! वय अडुसष्ट, बायपास होऊन दोन महिने. जन्मभर शिवणकाम केलं, म्हणून विभागात सगळे त्यांना शिंपीकाका म्हणतात. माणूस दिसला की नजरेनेच माप घेतात. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, डॉक्टर, पँट कमरेत काचतेय का हो?
मी डॉक्टर नाही, विद्यार्थी आहे, हे सांगणार होतो. पण पेशंटचा विश्वास ही नाजूक गोष्ट. वेळ आली की सांगेन.
काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ऑपरेशन झाल्यापासून ते मुलीकडे तळमजल्यावर राहतात. काकूंचे गुडघे धरलेले, त्यांना खाली उतरवत नाही. त्यामुळे दोन महिने काका रस्त्यात उभे राहतात, काकू खिडकीत, आणि संसार असा ओरडून चाललाय. मुलीने बजावलंय, चालण्याचा आकडा वाढल्याशिवाय जिना चढायचा नाही.
आकडा म्हणजे सहा मिनिटांची चाचणी. तीस मीटरच्या कॉरिडॉरमध्ये दोन टोकांना खुणा, सहा मिनिटांत किती फेऱ्या होतात ते मोजायचं. आज आमच्या विभागप्रमुख मॅडमनी घेतली. चौदा फेऱ्या, ४२० मीटर. यापुढे दर पंधरा दिवसांनी तू घ्यायचीस, म्हणाल्या.
काकांना शब्द दिला: महिन्याभरात तुम्हाला काकूंसमोर उभं करतो.

९ जुलै
धावण्याचा विचार बदलला. विश्रांती हाही व्यायामाचाच भाग आहे, असं शास्त्र सांगतं. तो भाग आधी पक्का करतोय.
आई म्हणाली, लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं मी तिला म्हणू दिलं नाही, तोंडात बिस्किट होतं तरी हाताने थांबवलं.

१६ जुलै
मी घेतलेली पहिली चाचणी. पुस्तकात लिहिलंय की परीक्षकाने एका जागी उभं राहावं, पेशंटच्या शेजारून चालू नये. पुस्तक लिहिणाऱ्याला माणसांची ओढ नसावी. मी काकांच्या खांद्याला खांदा लावून चाललो. चालता चालता हृदयाची रचना समजावून सांगितली. उजव्या कप्प्यापाशी मला किंचित धाप लागली, पण ती बोलण्यामुळे.
तेरा फेऱ्या, ३९०. तीस मीटर कमी! काका मात्र छान हसत होते. धीराचा माणूस.
माझ्याच वर्गातली 'स्टॉपवॉच' (सगळं सेकंदात सांगते म्हणून हे नाव) म्हणाली, तू बरोबर का चालत होतास? मी म्हटलं, याला आपुलकी म्हणतात. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि निघून गेली.

३० जुलै
अकरा फेऱ्या. ३३०!
आज तर मी जास्तच मेहनत घेतली. धमन्या, झडपा, सगळं सांगितलं. तीनदा थांबून वहीत नोंदी केल्या. काकाही माझ्याबरोबर थांबत होते, म्हणजे त्यांना थांबावं लागत होतं. घाम मला आला, त्यांना नाही. घाम न येणं हे लक्षण पुस्तकात कुठेच सापडत नाही. बहुधा मीच पहिल्यांदा पाहिलं.
लिफ्टने घरी. डोक्यात इतके विचार असताना जिना धोक्याचा.

६ ऑगस्ट
माझा रिपोर्ट वाचून सर्जन गंभीर झाले. पुन्हा अँजिओग्राफी करावी लागेल म्हणाले. काकांची मुलगी बाकावर बसून रडली. मी तिला धीर दिला, की माझ्यासारख्याच्या वेळीच लक्षात आलं हे नशीब समजा.
काकांनी जाताना एवढंच विचारलं, डॉक्टर, म्हणजे मी आता वर कधीच जायचं नाही का?
मी प्रश्न वहीत नोंदवला. शुक्रवारी सगळ्या विभागासमोर या केसवर बोलायचं आहे. मॅडम म्हणाल्या, काकांनाही बोलव. छान. शीर्षक ठरलं: 'अकारण घटणारी क्षमता: एक दुर्मीळ प्रकार'. आईला इस्त्रीसाठी शर्ट दिला.

९ ऑगस्ट, दुपारी
लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.
चाळीस माणसं. पडद्यावर माझा आलेख, घसरगुंडीसारखा. मी सहा शक्यता मांडल्या. सातवी मांडणार, एवढ्यात मॅडमनी विचारलं, काका, तुम्हाला काय वाटतं? चालताना नेमकं काय होतं?
काका उभे राहिले. म्हणाले, मला काही होत नाही हो. यांना होतं.
कोणाला, मॅडमनी विचारलं.
डॉक्टरांना. बिचारे बोलत बोलत येतात, मागे पडतात, दम खातात. चांगला मुलगा आहे, त्याला टाकून पुढे कसं जायचं? म्हणून मी आपला हळू चालतो.
कोणी हसलं नाही. म्हणजे पहिले चार सेकंद. (आकडा स्टॉपवॉचने दिला.)
मॅडम अजिबात हसल्या नाहीत. सगळ्यांना कॉरिडॉरमध्ये नेलं. मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, उठायचं नाही, बोलायचं नाही.
काका निघाले. हात मोकळे, पाठ ताठ. मी असा चालणारा माणूस याआधी पाहिलाच नव्हता. पाहणार कसा, शेजारी होतो. सोळा फेऱ्या. ४८० मीटर. थांबल्यावर नाडी उत्तम, शब्द न तुटता बोलत होते.
मॅडमनी तिथूनच सर्जनना फोन लावला. अँजिओग्राफी रद्द. जिना चढायला परवानगी. मुलगी पुन्हा रडली, पण यावेळी माझ्याकडे पाहून नाही.
मग मॅडमनी मला खोलीत बोलावलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, तुझ्या आपुलकीपायी त्या माणसाच्या हातात उगाच सुई गेली असती. मान खाली घातली. पहिल्यांदाच सबब सुचली नाही.
बाहेर येऊन काकांना सांगून टाकलं, की मी डॉक्टर नाही. ते म्हणाले, ते मला पहिल्या दिवशीच कळलं. डॉक्टर एवढं बोलत नाहीत.

१० ऑगस्ट
काका आज घरी गेले. स्टॉपवॉच बरोबर होती, दर मजल्यावर नाडी पाहायला. तिने सांगितलं, तीन मजले, मध्ये एकदा विसावा. दारात काकू उभ्या होत्या. इतके दिवस ओरडून बोलायची सवय, त्यामुळे समोर आल्यावरही दोघं ओरडूनच बोलत होते.
मला जायला मनाई नव्हती. मॅडमनी जिन्याची केली होती.

१२ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ७.००
मॅडमनी शनिवारी माझी चाचणी घेतली. आकडा इथे लिहीत नाही. शास्त्रात काही गोष्टी गोपनीय असतात.
आजपासून रोज सात ते आठ व्यायामाला. हजेरीपटावर माझं नाव पेशंटच्या रकान्यात आहे. माझी जबाबदारी स्टॉपवॉचकडे. काकाही आठवड्यातून तीनदा याच बॅचला येणार आहेत.
फॉर्म भरत होतो. शेवटचा रकाना: तातडीच्या वेळी कोणाला कळवावं? पेन अडलं. आई दुपारपर्यंत कामावर असते.
शेजारून काका म्हणाले, माझा नंबर टाक. मी लवकर पोचेन.
टाकला.