उल्रीकाबाईंच्या कपाटातलं उखळ

माल्मो, स्वीडन, १२ मे

माझी थोरली बहीण उम्म फवाज हिला धाकट्या मुनीरचा मनापासून सलाम.

देवाच्या कृपेनं तू, तुझा फवाज, सूनबाई आणि चारही नातवंडं इर्बिदला खुशाल असाल अशी आशा आहे. तुझा उजवा गुडघा कसा आहे? (की डावा? मागच्या पत्रात तू उजवा लिहिलं होतंस आणि फोनवर डावा धरून कण्हत होतीस.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. माझी साखर जरा वाढली आहे, असं इथली डॉक्टर म्हणते. ही डॉक्टर वयानं माझ्या रुबाहून लहान, आणि मला नुसतं ‘मुनीर’ म्हणते. एकोणचाळीस वर्षं हौरानच्या पोरांना भूगोल शिकवला, मोठमोठे अंमलदार माझ्यासमोर उभं राहून ‘उस्ताद’ म्हणायचे, आणि इथे औषधाच्या बाटलीवरसुद्धा नुसतं मुनीर. असो, देशच तसा आहे.

तिसऱ्या खेपेला का होईना, तुला व्हिसा मिळाला हे वाचून रुबा घरभर नाचली. मलाही फार आनंद झाला. तरी मनात आलं, या वयात एवढा प्रवास तुला झेपेल का? आमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे, आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, जूनमध्येही इथलं वारं हाडात शिरतं, आणि लग्न काय, फवाज तुला फोनवरही दाखवू शकेल. असं सगळं मी सविस्तर लिहिणार होतो. पण तुझ्या पत्राची शेवटची ओळ वाचली आणि लेखणी खाली ठेवली. ‘उखळाला तेल लावून ठेव, रुबाच्या लग्नाची कॉफी मीच कुटणार.’

उम्म फवाज, उखळ घरात नाही.

रागाच्या भरात माणूस पुढचं वाचत नाही, म्हणून आधी पाणी पी. ते उखळ कोणाचं हे मी विसरलेलो नाही. वडिलांनी ते मला न देता तुला दिलं, कारण माझा हात तालात पडत नसे आणि तुझं मुसळ ऐकून तीन गल्ल्यांतली माणसं उठून कॉफीला येत. (हे त्यांनी सगळ्या पाहुण्यांसमोर बोलून दाखवलं होतं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. पण तो विषय आज नको.) गाव सोडताना तू गाद्या टाकल्यास, गव्हाची कणगी टाकलीस, आणि ते रानपिस्त्याच्या लाकडाचं धूड गोधडीत गुंडाळून सीमेपार आणलंस. अकरा वर्षांपूर्वी अम्मानच्या विमानतळावर ते माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, रुबाच्या लग्नाला येईन तेव्हा मला परत दे. यातला शब्दन् शब्द मला पाठ आहे. आता ते कुठे गेलं ते सांगतो, आणि दोष कोणाचा ते तूच ठरव.

आमच्या इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याच्या यंत्रांची खोली आहे आणि तिला लागून एक रिकामी मोठी खोली. तिथे गेल्या वर्षी ‘हातात हात’ नावाची संस्था उगवली. संस्था म्हणजे उल्रीकाबाई. पन्नाशीच्या, उंच, गळ्यात लाकडी मण्यांची माळ, आणि चेहऱ्यावर भाव असा, की समोरचा माणूस नुकताच पुरातून वाहून आलाय. त्यांनी दर बुधवारी दुपारी दोन वाजता ‘अरबी वारसा आणि सामाजिक समावेशन’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. भिंतीवर चित्र लावलं: तंबू, चंद्रकोर आणि उंट. मी बाईंना समजावलं, की आमचं हौरान म्हणजे गहू, काळा दगड आणि काही हिवाळ्यांत बर्फ. उंट मी एकोणिसाव्या वर्षी पाहिला, दमास्कसला, आणि तोही प्रवाशांच्या फोटोसाठी बांधलेला होता. बाईंनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं, फारच उद्बोधक म्हणाल्या, आणि उंट भिंतीवर तसाच राहिला.

समावेशन कसं असतं तेही ऐकून ठेव. आमच्याच जिन्यावर रोज भेटणारे आम्ही अकरा अरब छातीवर नावाच्या चिठ्ठ्या लावून गोल बसलो, आणि बाईंनी आमची एकमेकांशी ओळख करून दिली. मग एकेकाला विचारलं, तुम्हाला सर्वांत जास्त आठवण कशाची येते? तिसऱ्या मजल्यावरची इराकी म्हातारी म्हणाली, बुधवारी दोन वाजता कपडे धुवायची पाळी माझी असायची, तिची. बाईंनी डोळे पुसले. (दुभाष्यानं काय सांगितलं देव जाणे.) मग बिटाचं गुलाबी हुम्मुस आलं. ते खाऊन हजेरीपटावर सही करायची, की आपण समाजात सामावलो.

आणि हे सगळं मला शिकवायला निघाले! मी इथे आलो त्याच आठवड्यात उखळ काढून कॉफी कुटली होती. खालून कोणीतरी छताला केरसुणीच्या दांड्यानं ठोकून उत्तर दिलं, तेही तालात. माझं मन भरून आलं. म्हटलं, परक्या मुलखातही आमंत्रण पोचलं. पेले मांडून संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी जिन्यात गोंगाटाबद्दल चिठ्ठी लागली. तिसऱ्यांदा कुटलं तेव्हा खालचा बेंग्ट स्वतः भांडायला वर आला. जहाजाच्या कारखान्यात जन्म गेलेला म्हातारा, लालबुंद. मी त्याला बसवलं, कडू कॉफी पाजली. तीन पेले पिऊन तो हवेबद्दल एक वाक्य बोलला आणि गेला. तेव्हापासून दर शनिवारी मुसळ वाजलं की बेंग्ट हजर. दहा वर्षांत एकदाही हजेरीपट लागला नाही.

तर गेल्या ऑक्टोबरात बाईंनी फर्मान काढलं, प्रत्येकानं घरातली एक जुनी वस्तू आणावी. मी जाणार नव्हतो. रुबा म्हणाली, बाबा, जा, घरात बसून नुसते चिडता. गेलो. उखळ ठेवलं, दोन मुठी दाणे कुटून दाखवले. (तालाचं विचारू नकोस.) उल्रीकाबाईंनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “किती सुंदर आहे हो हे!”

आता मी काय करणार? तू असतीस तर तू काय केलं असतंस? तोंड आपोआप उघडलं. “तुमचंच आहे,” मी म्हणालो.

आपल्याकडे चार वर्षांच्या पोराला पुढचं उत्तर ठाऊक असतं. ‘मालकाकडेच शोभतं’ म्हणायचं, हात मागे घ्यायचा, विषय संपला. या बाई म्हणतात, खरंच? मग मला दुसऱ्यांदा अधिक जोरात म्हणावं लागलं, कारण तिथे अडखळणं म्हणजे वडिलांच्या नावाला बट्टा. बाई म्हणतात, तुम्हाला चालेल ना नक्की? तेव्हा मी वडिलांच्या कबरीची शपथ घेतली. बाई म्हणाल्या, “तक.” म्हणजे यांच्या भाषेत धन्यवाद. आणि दोन्ही हातांनी उखळ उचलून घेऊन गेल्या! मी तिथेच उभा, हातात नुसतं मुसळ. तेही नंतर मागून नेलं.

आता ते तळघरात काचेच्या कपाटात आहे. वर दिवा, खाली पाटी: ‘कॉफी कुटण्याचं पारंपरिक साधन. वाळवंटातील भटक्या समाजाकडून सप्रेम भेट. कृपया हात लावू नये.’ भटका समाज म्हणजे मी, दगडी दुमजली घराचा मालक. ते मला एक वेळ चालेल. पण ज्या उखळाचा आवाज ऐकून कोणीही, ओळखीचा असो की नसो, न विचारता आत येऊन बसायचा, त्याला सगळ्यांना सामावून घेण्याच्या नावाखाली कुलूप लावून गप्प बसवलं. याला अक्कल म्हणतात का?

परत मिळवायला मी काय नाही केलं! उघड मागता येत नाही, दिलेली वस्तू मागणारा आपल्या घराण्यात अजून जन्मला नाही. म्हणून आडून सुचवलं, की या लाकडाला दर महिन्याला तेल लागतं, आणि ते घरीच नीट लावता येतं. बाईंनी तेलाची बाटली आणली आणि फळ्यावर लिहिलं, ‘मुनीर, तेल, महिन्याचा पहिला बुधवार’. आता दर महिन्याला मी माझ्या बापाच्या उखळाला बाईंच्या पहाऱ्यात तेल लावतो आणि सही करतो. मग त्यांनी स्वतःच्या घरी कॉफीला बोलावलं. शेगडीवर तांब्याची जुनी किटली होती, त्यांच्या आजीची. म्हटलं, हिला ओलीस धरू. तीनदा तोंड भरून स्तुती केली. बाई तिन्ही वेळा म्हणाल्या, “हो, छानच आहे,” आणि बिस्किटं पुढे केली. लाज म्हणून नाही! शेवटी गेल्या महिन्यात आपल्या रीतीभातींवर व्याख्यानच दिलं. पाहुण्यानं स्तुती केली की यजमान काय म्हणतो, पाहुण्यानं काय म्हणायचं असतं, सगळं उलगडून सांगितलं, उदाहरणाला उखळच घेतलं. टाळ्या पडल्या. बाईंना एक अक्षर कळलं नाही.

इकडे बेंग्ट दर शनिवारी अकरा वाजता दार उघडून जिन्यात उभा राहतो. मी दळणाच्या यंत्रातली कॉफी करून त्याला बोलावतो. तो एकच पेला पितो. परवा त्यानं अकरा वर्षांतलं सर्वांत लांब वाक्य उच्चारलं. “वरती फार शांत झालंय,” म्हणाला.

तेव्हा उम्म फवाज, अपराधी कोण हे आता तुला स्पष्ट दिसलं असेल. माझ्या बाजूनं कणभरही चूक झालेली नाही. तू ये, लग्न बघ, आणि त्या बाईला मनातल्या मनात काय म्हणायचं ते म्हण. सूनबाईला आशीर्वाद, मुलांना पापे.

तुझा निर्दोष भाऊ,
मुनीर

ता. क. – पत्र पेटीत टाकायला रुबाकडे दिलं होतं. तिनं वाचलं (इथे शिकलेली मुलं अशीच) आणि म्हणाली, खरं लिहा, नाहीतर आत्याला फोन करते. तर खरं असं, की व्याख्यान बाईंना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उखळ छातीशी धरून चार मजले चढून दारात आल्या, धापा टाकत. म्हणाल्या, रात्रभर डोळा लागला नाही, मला ठाऊक नव्हतं, माफ करा, हे तुमचंच आहे. तीनदा म्हणाल्या, मी शिकवलं तसंच. मी फक्त हात पुढे करायचे होते. तोंड आपोआप उघडलं. “छे छे, तुमच्याकडेच शोभतं,” मी म्हणालो. तिसऱ्यांदा वडिलांच्या कबरीची शपथही घेतली. या लोकांना नाही म्हटलं की नाहीच वाटतं. बाई ते घेऊन चार मजले उतरल्या. बेंग्टनं त्यांच्यासाठी खालचं दार धरलं.

ता. क. दुसरा – रुबानं नंतर बाईंना सांगितलं, उखळ बाबांचं नव्हेच, आत्याचं आहे. आता बाई लग्नाला येणार आहेत आणि ते तुझ्याच हातात देणार आहेत. मी तुला ओळखतो. पाय मोडलेला असताना बसमध्ये कोणी जागा दिली तरी तू अम्मानपर्यंत उभी राहिलीस. म्हणून पाया पडतो, नाही म्हणू नकोस, शपथ घालू नकोस. एकच शब्द म्हण, ‘तक’, आणि दोन्ही हातांनी घट्ट धर. आजपासून फवाजसमोर रोज घोक. मग असं कूट, की खालचा बेंग्ट धावत वर आला पाहिजे. अकरा वर्षांत मला तुझा ताल एकदाही नीट आठवला नाही, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही.

ता. क. तिसरा – रुबानं बाईंना तुझा फोटो दाखवला. त्यांनी तुझ्या चांदीच्या बांगड्यांची स्तुती केली आणि मी तिथल्या तिथे त्या देऊन टाकल्या. घाबरू नकोस. “मालकिणीच्या हातातच शोभतात,” बाई म्हणाल्या, जराही न अडखळता. त्या शिकल्या. आता शिकायचे आपण दोघंच उरलो.