वायर लावूनही बोलणारा हेडफोन

७ नोव्हेंबर

नापास. उत्तरं सगळी बरोबर – मराठीतली, गुजरातीतली. नापास आवाजात. लोकांच्या फ्रिज-वॉशिंग मशीनच्या तक्रारी घरून फोनवर घ्यायच्या, त्या नोकरीची आज चाचणी होती. मध्येच तिकडच्या मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडे भांडण चाललंय का? आपण नंतर बोलू या का?" भांडण कसलं! ओट्यावर बाबा रूपी मावशीला विचारत होते, चहा घेतलास का. त्यांचा सारा जन्म बोटीच्या इंजिनाशेजारी गेला. आता बोट चुलतभाऊ नेतो, बाबा ओट्यावर बसून जाळी शिवतात, पण आवाज अजून भर समुद्रातलाच. आणि रूपी मावशी समोरच बोंबील सुकवते, ती त्यांच्याही वरताण.

मॅडम भल्या आहेत. पुढच्या आठवड्यात पुन्हा एक संधी देतायत. नाहीतर परत वापी, परत ती कंपनीची खोली. मी तिकडे होते तेव्हा बाबा सकाळी भात टाकायचे आणि रात्री तोच खायचे. आई गेल्यावर धाकट्या डहाणूच्या या घरात त्यांना दुसरं आहे कोण? मला जायचं नाही.

८ नोव्हेंबर

मॅडमचा मेसेज. हेडफोन बाहेरचा आवाज अडवणारा हवा – नॉइज कॅन्सलिंग. आणि कामाच्या वेळी वायरनेच जोडायचा, त्यांच्या सिस्टीमला ब्लूटूथ चालत नाही. म्हटलं, एवढंच ना!

९ नोव्हेंबर

एवढंच नाही. डहाणू स्टेशनजवळ धर्मेशभाईंच्या मोबाइलच्या दुकानात गेले. पहिलाच हेडफोन कानावर चढवला आणि पंखा गेला, रिक्षा गेल्या, धर्मेशभाईंचे नुसते ओठ हलताना दिसले. भारी वाटलं. मग वायर लावली – ऐकू येतंय, पण माझा आवाज काही रेकॉर्ड होईना.

"बेन, वायर लावली की फक्त ऐकायचं. बोलायचं नाय."

म्हणजे नवी सूनच! दुसराही तसाच. तिसरा तर वायर लावल्यावर आवाज अडवायचंही सोडून देतो. धर्मेशभाईंनाही हे आजच कळलं. गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून आम्ही दोघं खोकी उघडत बसलो.

११ नोव्हेंबर

हेच वाचत बसलेय. गंमत पिनेत आहे. पिनेवर दोन काळ्या रेघा असतील तर वायरीतून फक्त ऐकायचं; तीन असतील तर आपला आवाजही जाऊ शकतो. पण रेघा असून भागत नाही, हेडफोननेही साथ द्यायला हवी. त्यापेक्षा वायरीलाच बारका माइक असलेला घ्यावा. घरातल्या सगळ्या जुन्या वायरींच्या पिना बघून झाल्या. बाबांनी विचारलं, "काय शोधतेस?" म्हटलं, "रेघा." ते परत जाळ्याकडे वळले.

१२ नोव्हेंबर

मिळाला! वायरीला माइक आहे, रेघा तीन, आणि वायर लावूनही आवाज अडवतो. घरी येऊन घातला. काहीतरी कमी झालं, काय ते कळेना. मग कळलं – खाडीचा आवाज. जन्मापासून कानात होता, आज पहिल्यांदा थांबला.

बाबांना घातला. त्यांनी लगेच काढला. "हे बरं नाय. पाणी कुठं गेलं?" मग उलटसुलट करून बघत म्हणाले, "त्या बाईला मी ऐकू जाईन?"

"नाही बाबा. यात सगळं बंद होतं."

"तुझं पण?"

"माझं नाही."

"त्याला कसं कळतं, तू कोण नि मी कोण?"

वाचायला हवं.

१४ नोव्हेंबर

पास! "मागे अगदी शांत आहे हं," मॅडम म्हणाल्या. सोमवारपासून काम.

२२ नोव्हेंबर

आठवडा झाला, आवाजाची एक तक्रार नाही. काल सोलापूरच्या एक आजी म्हणाल्या, तुमच्या ऑफिसात किती शांतता गं! ऑफिस कसलं, चुलीशेजारी टेबल आहे माझं. आगर गावातल्या माझ्या मैत्रिणीला, निलमलाही हेच काम मिळालंय, तिला मी हाच हेडफोन घ्यायला लावला. ती म्हणते, तिच्या गिऱ्हाइकांना कोंबडा ऐकू जातो. तिला खराब पीस मिळाला असणार. उद्या बोलावलंय.

२३ नोव्हेंबर

निलम आली. तिचा हेडफोन लावून इथे बसून रेकॉर्ड केलं – बाबा, रूपी मावशी, सगळं स्वच्छ ऐकू आलं. मग माझा लावला. तितकंच स्वच्छ! मग नीट वाचलं. तो आवाज अडवतो फक्त घालणाऱ्याच्या कानासाठी. माइकमध्ये जे शिरेल ते सगळं पुढे जातं.

मग आठवडाभर कुणाला काहीच ऐकू कसं गेलं नाही? बाबांना विचारलं. जाळ्यातून मान वर न काढता म्हणाले, "मशीन आहे बाय. काय सांगावं."

२४ नोव्हेंबर

दोन कॉलच्या मध्ये हेडफोन काढला. नुसती खाडी ऐकू आली. खिडकी उघडली. ओट्यावर बाबा हातवारे करत होते – इंजिन चालू असताना बोटीवर करतात तसे. समोर रूपी मावशी आणि बाकीच्या बाया बोंबील वाळत लावत होत्या आणि हातांनीच त्यांना उत्तरं देत होत्या. कशावर तरी रूपी मावशीला हसू फुटलं, तिने पदर तोंडात कोंबला. अख्खी गल्ली अशी. रोज, माझं काम संपेपर्यंत.

बाबांना मी दिसले. त्यांनी हातानेच सांगितलं, आत जा. मला रडू फुटलं, पण कॉल आला होता. घेतला.