दुपारी एक ते चार

३ नोव्हेंबर, सोमवार
बाबांनी अखेर कॅमेरा बसवून घेतलाच! "मागच्या लायनीत चोरी झाली," म्हणाले. अख्ख्या तुलसी नगरात मी तरी ऐकली नाही. बिट्टन मार्केटच्या दुकानातून समीरभैया आले, फाटकावर रोखून कॅमेरा लावून गेले. "दीदी, मोशन अलर्ट ऑन कर लो. कोई हिला, कि मोबाइल बजा!" माझ्या आणि बाबांच्या, दोन्ही मोबाइलवर अ‍ॅप टाकलं. सेन्सिटिव्हिटी बाबांनी स्वतः शेवटपर्यंत सरकवली.

४ नोव्हेंबर
दिवसभरात एकशे बारा अलर्ट. कुत्रा. गाय. कडुनिंबाची सावली. परत कुत्रा! ऑफिसात साहेबांसमोर फोन टुणटुण. बाबा मात्र एकेक उघडून बघतात. दुपारी पडतसुद्धा नाहीत.

६ नोव्हेंबर
आज वाजलंच आमचं. "सावल्या कसल्या बघत बसता?" म्हटलं. "राहू दे." एवढंच.

संध्याकाळी चहा देत होते, त्यांचा फोन वाजला. पाठीवर बॅग अडकवलेला कुणीतरी फाटकाशी. बाबा ताडकन उठले. कुरिअरवाला निघाला. खाली बसले — चेहरा एवढासा.

चोर कसला! विक्रांतची वाट बघतायत.

माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा बंगळूरहून पोचायला त्याला दोन दिवस लागले. तेराव्याला सगळ्या पाहुण्यांदेखत बाबा म्हणाले, "आईच्या तोंडात पाणी घालायला नव्हतास, जेवायला बरा आलास!" भरल्या ताटावरून उठून गेला. पाच महिने झाले. माझ्याशीही बोलत नाही.

"तुम्ही करा ना फोन," म्हटलं.
"मी बाप आहे त्याचा."

८ नोव्हेंबर
बाबांचं बीपी एकशे ऐंशी. डॉक्टर मलाच ओरडले — दुपारची झोप हवी म्हणजे हवी. घरी येऊन गुपचूप शेड्यूल लावलं. दुपारी एक ते चार अलर्ट बंद. रेकॉर्डिंग तर चालूच राहतं. काय बिघडतंय?

१० नोव्हेंबर
बाबांनी विचारलं नाही. फोन उशाशी, पंखा चालू. बरं केलं मी.

१२ नोव्हेंबर
फाटकाशी कचऱ्याची पिशवी कोण टाकतं ते बघायला कालचं रेकॉर्डिंग काढलं. दोन वाजून दहा मिनिटं.

विक्रांत!

किती वाळलाय. दाढी वाढलेली, हातात मिठाईचा खोका. फाटकाच्या कडीवर हात ठेवून नुसता उभा. चार मिनिटं. एकदा मान वर केली — थेट माझ्याकडेच बघितल्यासारखं. मग वळला, गेला.

फोन लावला. बंद. परत लावला. बंद! मेसेजवर एकच टिक.

एक अलर्ट वाजला असता तर बाबा धावत गेले असते. मी बंद केला. मी! आता हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

१३ नोव्हेंबर
सांगून टाकलं. रडू आवरेना. बाबा म्हणाले, "योगिनी, तू नको रडूस. मी जागाच होतो. खिडकीतून दिसला मला. दारापर्यंत गेलो. तो जाईपर्यंत दाराआड उभा होतो."